उन्हावर चालणारा स्वस्त मोबाईल आणि धाराशिवचे ऊन

१/२०
जून २००९ मध्ये सॅमसंगने भारतात एक साधा, बटणांचा मोबाईल विक्रीस आणला. त्याचे नाव ‘गुरू ११०७’. परंतु त्याची ओळख झाली ती ‘सोलर गुरू’ म्हणून. पाठीवर सौरपट्टी, किंमत २,७९९ रुपये. वीज नसेल तेथे हा फोन उन्हात ठेवावा आणि बोलण्यापुरता चार्ज करून घ्यावा, अशी कल्पना होती. ऊन मुबलक, वीज अपुरी आणि हातात पैसा बेताचा, अशा प्रदेशासाठी तो बनवला गेला होता. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याचे याहून नेमके वर्णन करता आले नसते. तरीही काही वर्षांतच हा फोन आणि त्याच्या जातीचे इतर फोन बाजारातून दिसेनासे झाले. असे का झाले, आणि खरा पर्यावरणस्नेही स्वस्त मोबाईल कोणता ठरला, त्याचा हा इतिहास.

२/२०
आजचा धाराशिव जिल्हा २०२३ पर्यंत सरकारदप्तरी उस्मानाबाद म्हणून ओळखला जाई. बालाघाटच्या डोंगररांगा, मांजरा-तेरणा-सीनेची खोरी आणि बेभरवशाचा पाऊस ही त्याची भौगोलिक ओळख. पाऊस लहरी असल्याने शेतीची मदार विहिरी व कूपनलिकांवर, म्हणजे अखेरीस विजेवर. पाणी जमिनीखाली आणि पंप विजेच्या तारेला, अशी ही बांधणी आहे. त्यामुळे वीज कधी येते आणि कधी जाते, यावर येथील दिवसाचे व रात्रीचे वेळापत्रक ठरत आले. मोबाईल या जिल्ह्यात आला तो याच वेळापत्रकात.

३/२०
भारतातील पहिला मोबाईल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी तो साधला. त्या काळी मिनिटाचा दर सोळा रुपयांच्या घरात होता आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत. खेड्यातील माणसासाठी एसटीडी-पीसीओची पिवळी पाटी हाच दूरध्वनी होता. ऑक्टोबर २००२ मध्ये बीएसएनएलची मोबाईल सेवा सुरू झाली आणि १ मे २००३ पासून इनकमिंग निःशुल्क झाले. मोबाईल गावात शिरला तो या दोन घटनांनंतर. ज्याला स्वतः फोन लावणे परवडत नव्हते, त्यालाही आता निदान फोन येऊ शकत होता. मिस्ड कॉलची सांकेतिक भाषा याच सुमारास रुळली.

४/२०
फोन आला, पण वीज? ६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरणकडे आले. तेव्हा राज्यात हजारो मेगावॅटचा तुटवडा होता. ‘भारनियमन’ हा सरकारी शब्द आणि ‘लोडशेडिंग’ हा बोलीतला शब्द, दोन्ही घराघरांत पोहोचले. ग्रामीण भागात दिवसाचे बारा तास किंवा त्याहून अधिक काळ वीज नसणे ही सर्वसाधारण बाब झाली. संध्याकाळी गावात दिवे राहावेत म्हणून ‘अक्षय प्रकाश योजना’ आली: गावकऱ्यांनी त्या वेळेत शेतीपंप स्वेच्छेने बंद ठेवायचे आणि मोबदल्यात गावठाणाला सिंगल फेज वीज मिळवायची. सौर मोबाईलची कल्पना ज्या अंधारात आकर्षक वाटली, तो हा अंधार.

५/२०
चार्जिंग ही तेव्हा घरगुती क्रिया नव्हती. ते एक कामच होते. तालुक्याच्या गावी, बाजाराच्या दिवशी ओळखीच्या दुकानात फोन लावून ठेवायचा आणि बाजार आटोपल्यावर घेऊन निघायचे. कोणी ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून तार ओढी. बॅटरी बाहेर काढून चिमट्यात धरणारा स्वस्त चार्जर मोबाईल शॉपीत मिळे. एक बॅटरी फोनमध्ये आणि दुसरी चिमट्यात, अशी सोय त्याने होई. थोडक्यात, सौर मोबाईल बाजारात येण्यापूर्वीच लोकांनी विजेच्या अभावावर आपापले उपाय शोधलेले होते. नव्या यंत्राला स्पर्धा करायची होती ती या उपायांशी.

६/२०
याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला ‘हरित मोबाईल’ची लाट आली होती. डिसेंबर २००७ मध्ये नोकियाने ‘३११० इव्हॉल्व्ह’ जाहीर केला. त्याच्या आवरणात निम्म्याहून अधिक भाग वनस्पतिजन्य, पुन्हा निर्माण होऊ शकणाऱ्या द्रव्यांचा होता. २००९ च्या आरंभी मोटोरोलाने ‘डब्ल्यू २३३ रिन्यू’ आणला, ज्याचे प्लॅस्टिक पाण्याच्या वापरलेल्या बाटल्यांपासून केलेले होते. त्याच वर्षी सॅमसंगने ‘ब्लू अर्थ’ दाखवला: पुनर्वापरित प्लॅस्टिक आणि पाठीवर सौरपट्टी. हे फोन प्रामुख्याने श्रीमंत देशांतील, पर्यावरणाविषयी जागरूक ग्राहकाला उद्देशून होते. त्याच्या घरात वीज चोवीस तास होती.

७/२०
दुसरी लाट गरजेतून आली. २००९ मध्येच झेडटीई या चिनी कंपनीने डिजिसेल या सेवाकंपनीसाठी ‘कोरल २०० सोलर’ बनवला. हैती, सामोआ, पापुआ न्यू गिनी अशा, विजेच्या तारा विरळ असलेल्या देशांसाठी तो होता. ऑगस्ट २००९ मध्ये केनियात सफारीकॉमने ‘सिमू या सोलर’ आणला. भारतातील ‘सोलर गुरू’ हा या दुसऱ्या लाटेचा भाग. पुढच्या वर्षी, जुलै २०१० मध्ये, व्होडाफोनने सुमारे १,५०० रुपयांत ‘व्हीएफ २४७’ हा सौर फोन भारतात आणला. वर्षभरात किंमत जवळपास निम्म्यावर आली होती.

८/२०
येथे एक गल्लत झाली, ती समजून घेणे महत्त्वाचे आहे. पहिल्या लाटेचा प्रश्न होता: फोनमुळे पृथ्वीवर पडणारा भार कमी कसा करावा? दुसऱ्या लाटेचा प्रश्न होता: वीज नसताना फोन चालू कसा ठेवावा? सौरपट्टी दोन्हींकडे होती, म्हणून जाहिरातींत दोन्ही प्रश्न एकच असल्याचे भासवले गेले. सौर म्हणजे हरित, असे समीकरण मांडले गेले. परंतु हिशोब केला तर या पट्टीने पहिला प्रश्न जवळजवळ सुटत नव्हता आणि दुसराही अर्धाच सुटत होता.

९/२०
आधी दुसरा प्रश्न. फोनच्या पाठीवर २० चौरस सेंटिमीटर सौरपट्टी आहे असे धरू. भर दुपारच्या लख्ख उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट ऊर्जा पडते. त्यातील १५ टक्के विजेत रूपांतरित झाली, तर या पट्टीतून मिळतात जेमतेम ०.३ वॅट. साध्या फोनची बॅटरी तीन-साडेतीन वॅट-तासांची असते. म्हणजे ऊन सतत सरळ पडत राहिले तरी पूर्ण चार्जसाठी दहा-बारा तास लागणार. उन्हाचा कल आणि इतर गळती धरल्यास त्याच्या दुप्पट किंवा अधिक. ‘सोलर गुरू’बाबतचा दावाही माफकच होता: तासभर उन्हात ठेवल्यास पाच ते दहा मिनिटांचे बोलणे. अडीअडचणीला ते पुरेसे होते, नित्याच्या वापराला नव्हते.

१०/२०
शिवाय मोबाईलची जागा खिशात असते, उन्हात नसते. खुरपणी करणारी बाई तो कनवटीला लावते, बैल हाकणारा सदऱ्याच्या खिशात ठेवतो. पाठ वर करून फोन बांधावर ठेवायचा म्हणजे तो हरवण्याची, तुडवला जाण्याची धास्ती, आणि वाजला तर धावत जाणे आले. त्यात लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंश सेल्सिअसपलीकडे चार्ज करू नये, असा नियम आहे. वैशाखात धाराशिवची हवाच चाळिशीला टेकते. उघड्या उन्हात काळे आवरण त्याहून पुष्कळ तापते. ज्या उन्हाच्या भरवशावर फोन बनवला, तेच ऊन त्याच्या बॅटरीचे आयुष्य कमी करणारे होते.

११/२०
याउलट दुसऱ्या उपायाला यश आले. सोलर गुरूच्या आगेमागेच मायक्रोमॅक्स या भारतीय कंपनीने ‘एक्स वन आय’ हा फोन ग्रामीण बाजारात उतरवला. एकदा चार्ज केला की ३० दिवस चालू राहील, असा त्याचा दावा होता. त्यात नवे तंत्रज्ञान काही नव्हते; बॅटरी मोठी होती, एवढेच. आठवडी बाजारातून फोन चार्ज करून आणणाऱ्या माणसाला रोज थोडी-थोडी वीज देणारी पट्टी नको होती. पुढच्या बाजारापर्यंत न संपणारी बॅटरी हवी होती.

१२/२०
आता पहिला प्रश्न: सौर फोनने पृथ्वीचा भार किती हलका झाला असता? साडेतीन वॅट-तासांची बॅटरी दर तीन दिवसांनी चार्ज केली, तर वर्षाला सुमारे १२० चार्ज होतात. चार्जरमधील गळती धरूनही हा खर्च वर्षाला एका युनिटच्या आतच राहतो. एका युनिटमध्ये छताचा जुना पंखा तेरा-चौदा तास फिरतो. एका उन्हाळी रात्रीत पंख्याला जेवढी वीज लागते, तेवढ्यात साधा मोबाईल वर्षभर चालतो. ही वीज सूर्याकडून घेतली काय किंवा परळीच्या औष्णिक केंद्राकडून घेतली काय, निसर्गाला पडणारा फरक नगण्यच होता.

१३/२०
मोबाईलचा भार वापरात नसून घडणीत असतो. काँगोच्या खाणींतील कोबाल्ट, दक्षिण अमेरिकेतील लिथियम, सर्किटमधील तांबे, सोने व कथील, चिप घडवताना लागणारे अतिशुद्ध पाणी आणि वीज, या सर्वांचा खर्च फोन हाती येण्यापूर्वीच झालेला असतो. म्हणून एकदा घडवलेला फोन किती वर्षे टिकतो, हाच पर्यावरणाचा मुख्य प्रश्न ठरतो. तीन वर्षांनी फेकलेला ‘हरित’ फोन नऊ वर्षे वापरलेल्या साध्या फोनपुढे हरतो. या कसोटीवर पाहिले, तर त्या दशकातील सर्वांत पर्यावरणस्नेही मोबाईलच्या जाहिरातीत पर्यावरणाचा उल्लेखही नव्हता.

१४/२०
तो फोन म्हणजे २००३ मध्ये आलेला नोकिया ११००. जगभर त्याच्या २५ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. बटणांवर एकसंध रबरी आवरण असल्याने धूळ आत शिरत नसे, ओल्या हातातून तो निसटत नसे आणि बॅटरी कित्येक दिवस पुरे. माथ्यावर टॉर्च होता. शेतीपंपाला वीज बहुधा रात्री मिळे. मोटार सुरू करायला मध्यरात्री बांधावरून जाताना विंचवा-सापाची भीती असे. शहरी माणसाला गंमत वाटणारा तो टॉर्च शेतकऱ्याच्या दृष्टीने फोनचा मुख्य गुण होता. एकाच वस्तूत दोन वस्तू सामावल्या, म्हणजे एक वस्तू कमी घडवावी लागली.

१५/२०
या फोनची बॅटरी ‘बीएल-५सी’ नखाने काढता येई. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने जाहीर केले की, मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगवेळी अति तापू शकतात, त्या बदलून दिल्या जातील. भारतात घबराट पसरली आणि सेवाकेंद्रांपुढे रांगा लागल्या. तरी या प्रसंगातून एक गोष्ट उघड झाली: दोष बॅटरीत होता, म्हणून फक्त बॅटरी बदलली, फोन वाचला. फुगलेली बॅटरी, झिजलेली बटणे, सैल झालेली पिन, बिघडलेला स्पीकर हे सारे तालुक्याच्या बाजारपेठेत थोडक्या पैशांत दुरुस्त होई. घरच्या कर्त्याचा फोन मग मुलाकडे, पुढे आजीकडे, अखेरीस शेतावरच्या कोठ्यात जाई.

१६/२०
साध्या फोनचा आणखी एक उपयोग पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी दाखवला. रात्री-अपरात्री पंपापर्यंत होणारी शेतकऱ्याची पायपीट थांबवण्यासाठी त्यांनी ‘नॅनो गणेश’ हे यंत्र घडवले. पंपाच्या स्टार्टरला हे जोडले की शेतकरी घरूनच मोबाईलवरून वीज आली आहे का ते पाहू शकतो, मोटार सुरू करू शकतो आणि बंदही करू शकतो. २००९ मध्ये, सोलर गुरू आला त्याच वर्षी, नोकियाने घेतलेल्या जागतिक नवसंशोधन स्पर्धेत त्याला पहिले पारितोषिक मिळाले. वेळेवर मोटार बंद न झाल्याने वाहून जाणारे पाणी आणि फुकट जाणारी वीज यांचा हिशोब केला, तर या यंत्राने होणारी बचत सौरपट्टीच्या बचतीच्या कितीतरी पट भरते. स्वस्त मोबाईल येथे स्वतः हरित नव्हता. त्याने हाताळलेले काम हरित झाले.

१७/२०
मग धाराशिवचे ऊन फुकटच गेले का? नाही, ते दुसऱ्या वाटेने फोनपर्यंत आले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या किल्लारी भूकंपाने लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार बळी घेतले. उमरगा तालुक्यातील गावे जमीनदोस्त झाली. पुनर्वसनाच्या कामात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. घरबांधणी संपली, तरी महिलांचे हे जाळे टिकले. पुढे याच जाळ्यातील सखी सौरकंदील व सुधारित चुली दारोदार विकू लागल्या. महाराष्ट्र व बिहारमध्ये मिळून हजाराहून अधिक महिला ऊर्जा-उद्योजक तयार झाल्या. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक यंत्रणेने या कामाचा गौरव केला.

१८/२०
अशा सौरदिव्यांपैकी काहींना मोबाईल चार्ज करण्याची सोय असे. पट्टी पत्र्यावर, दिवा घरात, फोन सावलीत. तंत्र तेच, पण फोनच्या पाठीवरून पट्टी उतरली आणि तिच्या अडचणी संपल्या. तिचा आकार वाढला, बॅटरी तापेनाशी झाली, फोन खिशात राहिला आणि फोन बदलला तरी पट्टी कायम राहिली. विकणारी बाई गावातलीच असल्याने बिघाड झाला तर कोणाला विचारायचे, हेही ठरलेले होते. सौर मोबाईलची कल्पना अयशस्वी झाली असे म्हणण्यापेक्षा, सौरपट्टी व मोबाईल यांना वेगळे केल्यावर ती यशस्वी झाली, असे म्हणणे अधिक योग्य.

१९/२०
एका प्रश्नाचे उत्तर मात्र तेव्हाही मिळाले नाही. २००८ मध्ये नोकियाने १३ देशांत केलेल्या पाहणीत फक्त ३ टक्के लोकांनी जुना फोन पुनर्चक्रीकरणासाठी दिल्याचे आढळले; ४४ टक्के फोन घरातच पडून होते. २००९ मध्ये भारतात जुने फोन गोळा करण्याची मोहीम निघाली, तिचा आरंभ दिल्ली, बंगळूर अशा शहरांतून झाला. ई-कचऱ्याचे नियम २०११ मध्ये निघाले आणि १ मे २०१२ पासून अमलात आले. २०१६ व २०२२ मध्ये ते नव्याने केले गेले. उत्पादकाने आपला माल परत घ्यावा, हे तत्त्व कागदावर आले. परंतु भूम-परंड्याच्या खेड्यातील फुगलेली बॅटरी ज्याच्या हाती जाते, तो भंगारवालाच असतो. दुसरीकडे फोनही बदलले: बॅटरी आत चिकटवली गेली, नखाने उघडणारे झाकण गेले. नऊ वर्षे टिकणारी वस्तू तीन वर्षांची झाली. युरोपीय संघाने आता नियम केला आहे की, फेब्रुवारी २०२७ पासून ग्राहकाला स्वतः बॅटरी बदलता आली पाहिजे. भारत सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ या नावाने संकेतस्थळ सुरू केले. ११०० ला जे सहज जमत होते, ते आता कायद्याने परत मागावे लागत आहे.

२०/२०
धाराशिव शहरापासून जवळच असलेले तेर म्हणजे प्राचीन तगर; रोमशी व्यापार करणारे हे नगर ‘पेरिप्लस’मध्ये उल्लेखले गेले आहे. तेथील लामतुरे संग्रहालयात मांडलेली खापरे, मणी, मूर्ती ही बव्हंशी लोकांनी टाकून दिलेली किंवा मागे राहिलेली सामग्री आहे. तिच्यावरून इतिहासकार दोन हजार वर्षांपूर्वीचे जीवन वाचतात. संत गोरा कुंभारांच्या या गावचे मडके फुटले, तर मातीला अपाय होत नसे. आजच्या कपाटांतील मृत मोबाईल मातीत गेले, तर शिसे व इतर धातू तेरणेच्या खोऱ्यातील त्याच विहिरींकडे झिरपतील, ज्यांवर या जिल्ह्याची तहान भागते. पाठीवर सूर्य लावलेला फोन येऊन गेला. दुरुस्त करून नऊ वर्षे वापरलेला फोन अजून काही घरांत वाजतो आहे. पर्यावरणस्नेही मोबाईलचा इतिहास लिहिताना पहिले पान त्याला द्यावे लागते.